वई, चिरा की तार? पेडणे-डिचोलीतल्या घरांसाठी कुंपणाचा विचार

घर बांधून होतं, रंग लागतो, गृहप्रवेशाची तारीख ठरते आणि मग कुंपणाची आठवण येते. तोवर हातातले पैसे संपत आलेले असतात. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की स्वस्त काय पडेल आणि भक्कम काय दिसेल. शेजारच्या गावात कुणी चिऱ्यांची पाच फुटी भिंत घातलेली असते, कुणी जाळी ओढलेली असते, कुणी पत्रे उभे केलेले असतात. त्यातलं एक उचलून आपण मोकळे होतो. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मात्र विचार याच्या उलट टोकाकडून सुरू करायला हवा. इथे चोर किंवा गुरं कुंपण पाडतात असं क्वचितच घडतं. पावसाचं पाणी ते खालून पाडतं आणि खारी हवा ते वरून खाते. या दोघांपुढे कोणतं साहित्य किती वर्षं तग धरतं हे पाहिलं, तर उत्तर बहुतेक घरांच्या बाबतीत एकच येतं. रस्त्याच्या बाजूला चिऱ्यांची ठेंगणी भिंत, उरलेल्या तीन बाजूंना झाडांची जिवंत वई, आणि ती वई उभी राहीपर्यंतची तीन वर्षं टेकू म्हणून तार. आपल्या आजोबा-पणजोबांनी भाटाला आणि परसाला हेच केलं होतं. पण ते जुनं आहे म्हणून चांगलं, असं माझं म्हणणं नाही. हिशेब मांडला तरी पारडं त्याच बाजूला झुकतं, आणि हा लेख त्या हिशेबाचाच आहे.

आधी पाणी. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पेडण्याचा मधला भाग म्हणजे मोपा, तोर्से, धारगळकडचे सडे, आणि डिचोलीचा बराचसा भाग म्हणजे टेकड्या, उतार आणि त्यांच्या पायथ्याची शेतं. सड्यावरचं पाणी उताराने येतं, वाड्यांमधून वाट काढत व्हाळाला मिळतं. त्या वाटेत आडवी भरीव भिंत आली की पाणी अडतं आणि साचतं. साचलेलं पाणी भिंतीवर किती जोर लावतं याचा अंदाज सहसा कुणी घेत नाही. एक मीटर उंचीचं पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन रेटा देतं. उंची दीड मीटर झाली की तोच रेटा एक टनाच्या पुढे जातो, कारण उंची दीडपट वाढली की जोर सव्वादोनपट होतो. नऊ इंच जाडीची, दीड मीटर उंच चिऱ्यांची भिंत स्वतः दर मीटरला पाऊण टनाच्या आसपास भरते. म्हणजे पाण्याचा आडवा रेटा भिंतीच्या वजनालाच ओलांडून जातो. त्यात पायाखालची माती भिजून मऊ झालेली असते. जुलैच्या एखाद्या रात्री अख्खी भिंत सरळ रेषेत आडवी होते, ती याच कारणाने. गवंड्याचं काम वाईट होतं असं म्हणून आपण ती पुन्हा तशीच बांधतो.

भरावाची गोष्ट याहून गंभीर आहे. प्लॉट सपाट करण्यासाठी उताराच्या खालच्या बाजूला कुंपणाची भिंत घालायची आणि आतून माती भरायची, ही पद्धत आता दोन्ही तालुक्यांत सर्रास दिसते. कुंपणाची भिंत आणि माती अडवणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला फक्त उभं राहायचं असतं, तर दुसरीला ओल्या मातीचा आणि पाण्याचा भार वर्षानुवर्षं पेलायचा असतो. तिचा पाया, तिची तळाची जाडी, मागचा दगडगोट्यांचा थर हे सगळं निराळं लागतं आणि ते अभियंत्याकडूनच काढून घ्यावं लागतं. पहिलीकडून दुसरीचं काम करून घेतलं की काय होतं हे २०१९ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला महाराष्ट्राने पाहिलं. २९ जूनच्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची आवारभिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसं गेली. तीनच दिवसांनी मुंबईत मालाडला जलाशयाच्या आवाराची भिंत पडून वीसहून अधिक माणसं दगावली. तुमच्या भिंतीच्या खालच्या अंगाला कुणाचं घर, कुणाची न्हाणी, कुणाची पायवाट असेल, तर हा प्रश्न खर्चाचा राहत नाही. डिचोलीत शिरगाव, मुळगाव, पाळी, वेळगे अशा खाणपट्ट्यातल्या गावांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे उतारावरून येणाऱ्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो भिंतीच्या पायाशी साठतो, पाण्यासाठी ठेवलेली भोकं बुजवतो, आणि मग भोकं ठेवूनही न ठेवल्यासारखीच होतात.

याचा अर्थ चिरा वाईट असा मुळीच नाही. आपल्या भागाचा तो सर्वांत चांगला दगड आहे. खाणीतून निघताना तो हत्याराने कापता येतो इतका मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. त्याच्या या गुणाची नोंद फ्रान्सिस बुकानन याने मलबारात फिरताना केली आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. चिरा घेताना मात्र तो पाहून घ्यावा. ज्यात पांढऱ्या-पिवळ्या मऊ मातीच्या गाठी जास्त, तो चिरा दोन पावसांत पोकळ होतो. रात्रभर पाण्यात ठेवलेला चिरा सकाळी बोटाने खरवडून माती सुटत असेल, तर तो भिंतीला घेऊ नये. भिंत घालायचीच असेल तर ती रस्त्याच्या बाजूला घालावी आणि कंबरेपेक्षा उंच भरीव नसावी. तिच्यावर हवी तर जाळी किंवा फुलवेल असू द्या. दर दीड-दोन मीटरवर जमिनीलगत तीन इंची पाइपाएवढं भोक ठेवावं. माथ्याला उतार द्यावा, कारण चिरा पाणी पितो आणि सपाट माथ्यावरचं पाणी वरूनच आत मुरतं. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवण्याचा मोह टाळलेला बरा. गिलाव्याच्या बारीक चिरेतून आत गेलेलं पाणी बाहेर येऊ शकत नाही आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. उघडा, सांधे नीट भरलेला चिरा जास्त टिकतो, आणि दिसतोही चांगला. आतल्या बाजूंना, जिथे फक्त मेर दाखवायची आहे, तिथे गारा न वापरता रचलेला दोन-अडीच फुटांचा गडगा उत्तम. त्याच्या फटींतून पाणी निघून जातं, आणि कुठे ढासळलाच तर तेवढेच दगड पुन्हा रचायचे.

आता तार. जाळी किंवा काटेरी तार घेताना आपण जाडी विचारतो, गेज विचारतो. खरा प्रश्न तिच्यावरच्या जस्ताच्या थराचा असतो. जस्त झिजून संपलं की आतलं लोखंड गंजायला वेळ लागत नाही. हवेच्या गंजकारक शक्तीनुसार जस्त वर्षाला किती झिजतं याची आंतरराष्ट्रीय मानकात वर्गवारी आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेच्या वर्गात ते वर्षाला साधारण ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं, तर समुद्रापासून दूरच्या मध्यम वर्गात ०.७ ते २.१ मायक्रॉन. बाजारातल्या स्वस्त तारेवर दर चौरस मीटरला साठेक ग्रॅम जस्त असतं, म्हणजे सुमारे आठ मायक्रॉनचा थर. जाड थराच्या तारेवर ते २४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चौतीस मायक्रॉन. भागाकार तुम्हीच करून पाहा. केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यालगत स्वस्त तारेचं जस्त एक-दोन वर्षांत संपतं आणि चांगल्या तारेचंही चार ते आठ वर्षांत. तीच स्वस्त तार साखळी, मये किंवा इब्रामपूरला चार ते बारा वर्षं काढेल आणि चांगली तार सोळा वर्षांच्या खाली येणार नाही. खाऱ्या वाऱ्याचा मारा किनाऱ्यापासून आत जाऊ लागलं की झपाट्याने कमी होतो. म्हणून एकाच पेडणे तालुक्यात, पंधरा-वीस किलोमीटरच्या आत, एकच वस्तू एका गावात किफायतशीर आणि दुसऱ्या गावात पैशाची नासाडी ठरते. मित्राच्या अनुभवावर तार घेताना तो मित्र कुठल्या गावचा हे आधी विचारावं. दुकानदाराला थराचं वजन विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं. जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ ही भारतीय मानकं आहेत. त्यांचं नाव काढलं की निदान दुकानदाराला कळतं की समोरचा माणूस नुसता भाव विचारायला आलेला नाही.

तारेला खांब लागतातच, आणि तिथेही खार आडवा येतो. सिमेंटचे तयार खांब पातळ असतात. त्यातल्या सळीवर सिमेंटचं आवरण बोटभरही नसतं. खाऱ्या हवेतला किंवा भरतीच्या नदीतून काढलेल्या, न धुतलेल्या रेतीतला खार सळीपर्यंत पोचला की सळी गंजते, फुगते आणि खांब उभा चिरतो. तेरेखोल आणि शापोरा या दोन्ही नद्यांत समुद्राची भरती आतपर्यंत चढते, त्यामुळे रेती कुठली हा प्रश्न इथे खांब घेतानाही विचारावा. लोखंडी कोन घेतले तर रंगावर विसंबू नये, पूर्ण तयार झाल्यावर जस्तात बुडवून काढलेले घ्यावेत. पत्र्यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर ते घेऊ नयेत. भरीव पत्र्याचं कुंपण वाऱ्यासाठी शीड असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा असं किती काही उडालं हे लोक विसरलेले नाहीत. उडालेला पत्रा हे हत्यारच असतं. लाकडाला वाळवी आणि पाऊस दोन्ही लागतात. बांबूची गोष्ट जरा वेगळी. कोकणातला माणगा भरीव, बिनकाट्याचा आणि सरळ असतो. थंडीत तोडलेल्या, वाहत्या पाण्यात मुरवलेल्या माणग्याला कीड कमी लागते, कारण त्यातली साखर-पीठ धुऊन गेलेलं असतं. बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया किडीवर चांगली असली तरी पावसात धुऊन जाते, म्हणून जमिनीत गाडलेल्या टोकाला ती पुरत नाही. बांबूची भिंत तीन-चार पावसाळ्यांची सोबत समजूनच घ्यावी. फाटकाला, ज्याला आपण बेडं म्हणतो, तो अजूनही सर्वांत सोयीचा. हलका असतो, घरच्या घरी दुरुस्त होतो आणि गंजत नाही.

या सगळ्यांत एक साहित्य असं आहे की जे वय वाढेल तसं मजबूत होतं, आणि ते म्हणजे झाड. आपल्याकडे वई किंवा वंय म्हणताना दोन गोष्टी एकत्र होतात. दरवर्षी काटेरी फांद्या आणि मेढी रोवून भाजीच्या मळ्याला घालतात ती एक, आणि कायमची वाढणारी दुसरी. मी दुसरीबद्दल बोलतो आहे. तिच्यातून पाणी निघून जातं पण माती अडते. वारा गाळून आत येतो, म्हणून ती उडत नाही. खारेपण सोसणारी जात निवडली तर समुद्राकाठीही ती टिकते. पेडण्याच्या किनारी गावांत भेंड, करंज, उंडी, निरगुडी, सागरगोटा आणि बोगनवेल यांच्यावर भर द्यावा. भेंडीच्या जाड फांद्या रोवल्या तरी फुटतात. खाजनाच्या किंवा व्हाळाच्या कडेला केवडा माती धरून ठेवतो. सड्यावर आणि डिचोलीच्या डोंगराळ वाड्यांत गिरीपुष्प, पांगारा, करवंद, अडुळसा, मेंदी, जास्वंद हे चांगले. गिरीपुष्पाची फांदी रुजते, हवेतलं नत्र जमिनीला देते आणि तिचा पाला माडा-पोफळींच्या बुडात हिरवं खत म्हणून घालता येतो. त्याला उंदीरमारी म्हणतात, कारण त्याच्या बिया आणि साल उंदरांच्या विषाला वापरतात. करवंद हळू वाढतं, पण एकदा वाढलं की कुत्रंही घुसत नाही आणि चैत्र-वैशाखात मुलांना खाऊ मिळतो. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत. काही गोष्टी टाळाव्यात. घाणेरी रानभर पसरते, म्हणून मुद्दाम लावू नये. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा धोक्यात येतो आणि मोगली एरंडाच्या बिया गोड लागल्या तरी विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर ही दोन्ही झाडं परसात नकोतच. कण्हेरीचंही तसंच, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

एक सरळ उदाहरण घेऊ. वीस बाय तीस मीटरचा, म्हणजे सहाशे चौरस मीटरचा प्लॉट. परीघ शंभर मीटर. त्यातले वीस मीटर रस्त्याला लागून, तिथे चिऱ्यांची ठेंगणी भिंत आणि फाटक. उरले ऐंशी मीटर. चाळीस सेंटिमीटर अंतराने एका रांगेत दोनशे खुंट बसतात. दोन रांगा, एकमेकींच्या फटींत येतील अशा घातल्या तर चारशे. हा आकडा मोठा वाटतो, पण गिरीपुष्पाचे आणि भेंडीचे खुंट गावातल्याच कुणाच्या तरी वईची छाटणी करताना मिळतात. खर्च मुख्यतः मजुरीचा. खुंट मनगटाएवढा जाड, दीड ते दोन मीटर लांब, खालचं टोक तिरपं कापलेलं, साल न सोललेला असावा. फूट-दीड फूट खोल खड्डा पहारीने करून मग त्यात खुंट बसवावा. खुंटच ठोकत खाली नेला तर साल सुटते आणि तो कुजतो. दर चौथ्या-पाचव्या मीटरवर एक जाड खांब घेऊन तारेच्या तीन ओळी ओढाव्यात. ही तार तीन वर्षांचीच आहे हे लक्षात ठेवलं की किनारी गावातही ती परवडते. जिवंत खोडाला तार थेट गुंडाळू नये, ती आत रुतते आणि खोड कापते. खोडाला आधी लाकडी पट्टी खिळ्याने मारावी आणि तार त्या पट्टीला बांधावी. पहिल्या वर्षी निम्मे खुंट फुटले नाहीत असं वाटलं तरी दुसऱ्या जूनपर्यंत उपटू नयेत, मग मेलेल्यांच्या जागी नवे घालावेत. फांद्या सरळ वर जाऊ दिल्या तर खाली भोकं पडतात. म्हणून छातीएवढ्या उंचीवर शेंडा मारत राहावं आणि बाजूच्या फांद्या एकमेकींत विणाव्यात.

आता आक्षेप, आणि ते खरे आहेत. पहिला सुरक्षेचा. वई चोराला थांबवत नाही असं म्हणतात. ठरवून आलेल्या माणसाला पाच फुटी भिंतही थांबवत नाही, आणि उंच भरीव भिंतीच्या आत शिरल्यावर तो रस्त्यावरून कुणाला दिसतही नाही. काटेरी करवंद-सागरगोट्याची दाट वई ओलांडणं भिंतीवर चढण्यापेक्षा त्रासाचं असतं. जनावरांचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. डुक्कर आणि साळिंदर यांना वई पुरत नाही, ते खालून वाट काढतात. जिथे भाजी, सुरण, कणगी आहे तेवढ्याच तुकड्याला जाड थराची जाळी घालावी आणि ती जमिनीत फूटभर पुरावी. संपूर्ण परस जाळीने वेढण्याची गरज नाही. माकडांना कुठलंच कुंपण नाही. गव्याला तारही अडवत नाही. हत्तींचा विषय तिलारी-दोडामार्गच्या सीमेवरच्या गावांना नवा नाही. २००२ नंतर कर्नाटकातून त्या भागात आलेले हत्ती अधूनमधून पेडणे-डिचोलीच्या हद्दीतही उतरतात. हत्तीपुढे घरगुती कुंपणाचा कुठलाही प्रकार निरर्थक आहे. तिथे वनखात्याला कळवणं आणि फणस, केळी घराला अगदी चिकटून न लावणं, एवढंच हातात आहे. एक गोष्ट मात्र कुणीही, कोणत्याही कारणाने करू नये. घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणं गुन्हा आहे आणि त्याने जनावरांइतकीच माणसंही मरतात. सौर कुंपण निराळं. त्यातलं यंत्र क्षणभराचे, धक्का देणारे पण न मारणारे झटके सोडतं. ते प्रमाणित यंत्रासहच घ्यावं. शेती असेल तर कृषी खात्याच्या कुंपणासाठीच्या मदतीबद्दल आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारावं.

दुसरा आक्षेप सापांचा, आणि तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. वईत साप राहतात हे खरं. पण साप येतो तो उंदीर, बेडूक आणि सरडा यांच्यामागे. गडग्याच्या फटी, चिऱ्यांचे ढीग, नारळाच्या सोडणांची रास, पाडलेल्या घराचे दगड ही त्याची वईपेक्षा आवडती जागा. वईचं बूड जमिनीपासून हातभर मोकळं ठेवलं, पालापाचोळा साठू दिला नाही आणि घर व वई यांच्यामध्ये दोन मीटर झाडून ठेवलेलं अंगण राखलं तर धोका फार वाढत नाही. रात्री पायात चप्पल आणि हातात बॅटरी हा नियम भिंत असली तरी पाळावाच लागतो. तिसरा आक्षेप मेहनतीचा. वईला वर्षातून दोनदा छाटावं लागतं, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात. ज्यांचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं, मुंबईला किंवा परदेशी असलेल्या अशा कुटुंबांना हे जमत नाही हे मान्यच केलं पाहिजे. त्यांनी अडुळसा, निरगुडी, करवंद अशा झुडपी जाती घ्याव्यात आणि छाटणीचा पाला-लाकूड घेऊन जाण्याच्या बदल्यात शेजाऱ्याशी ठरवून टाकावं. गिरीपुष्प त्यांच्यासाठी नाही, दोन वर्षांत ते विजेच्या तारांना भिडेल. चौथा आक्षेप जागेचा. वई हातभर ते पाऊण मीटर रुंदी खाते. प्लॉट लहान असेल, मुंडकारीचं घर तीनशे चौरस मीटरांत बसलेलं असेल, तर प्रत्येक हात महत्त्वाचा. अशा ठिकाणी जाळीवर चढवलेली वेल हा मधला मार्ग निघतो, आणि तिथे महागडी तार घेणं योग्य ठरतं.

कशाचं कुंपण घालायचं हे ठरण्यापूर्वी कुठे घालायचं हे पक्कं हवं. नमुना एक-चौदा आणि सर्व्हेचा नकाशा घरात असतो, पण नकाशावरची रेघ जमिनीवर नेमकी कुठे येते हे तुम्हाला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही ठाऊक नसतं. भूमी अभिलेख खात्याकडे सीमांकनाचा अर्ज करावा, शेजाऱ्याला त्या दिवशी बोलवावं आणि खुंट्या दोघांच्या देखत ठोकून घ्याव्यात. पेडण्यात मोकाशांच्या जमिनी, मयेत निर्वासितांच्या मालमत्तेचा प्रश्न, ठिकठिकाणी मुंडकार आणि कुळांचे हक्क, अशा कारणांनी कितीतरी घरांच्या मेरा अजून पूर्ण स्वच्छ झालेल्या नाहीत. जिथे वाद आहे तिथे चिऱ्यांची भिंत म्हणजे न्यायालयाचं आमंत्रण असतं. वई दोन हात सरकवता येते, आणि वाद मिटेपर्यंत ती दोन्ही घरांना पाला पुरवते. पंचायतीची परवानगी भिंतीला लागते. रस्त्याच्या बाजूला भिंत किती उंच आणि त्यातली किती भरीव असावी यालाही बांधकाम नियमांत मर्यादा आहे, कारण वळणावर समोरचं वाहन दिसायला हवं. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत किनारी क्षेत्राचे नियम लागू होतात, तिथे पाया खणण्याआधी विचारणा करावी. मोरजी आणि मांद्रेच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात, हे त्या बाजूला कुंपण आणि त्यावरचे दिवे योजताना मनात असू द्या. भातशेतीची सखल जमीन भरून तिच्याभोवती भिंत घालणं तर नगरनियोजन कायद्याच्या परवानगीशिवाय करताच येत नाही.

आणि पायवाटा. आपल्या गावांत देवळाला, विहिरीला, शेताला, स्मशानाला जाणाऱ्या वाटा अनेकदा खाजगी भाटांतून जातात. कागदावर त्या असतील-नसतील, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथून चालत आले आहेत. मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या सड्यांवर जमिनींचे भाव आणि भिंतींची लांबी दोन्ही वाढली आहेत, आणि या वाटा एकेक करून बंद होत आहेत. माझं मत स्पष्ट आहे. जिथे लोक चालतात तिथे फाटक ठेवावं, निदान माणूस वाकून जाईल एवढी खिंड ठेवावी. कायदा तुमच्या बाजूने असला तरी ठेवावी. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणताना ती खिंड लागते, आणि ती कधी तुमच्याच घरच्यांना लागेल हे सांगता येत नाही. वईमध्ये अशी खिंड ठेवणं सोपं असतं, दोन खुंट कमी लावायचे.

वेळापत्रक असं ठेवता येईल. मार्च-एप्रिलमध्ये सीमांकन, रस्त्याकडच्या भिंतीचा पाया आणि भिंत, कारण जमीन कोरडी असते आणि सांधे नीट सुकतात. मेमध्ये गावातल्या वयांची छाटणी चालू असताना खुंट मागून ठेवावेत आणि सावलीत उभे करून ठेवावेत. आठवडा-दोन आठवडे ते तग धरतात. पहिला मोठा पाऊस पडून जमीन वीतभर भिजली, मृगाचे दिवस लागले की रोवणी. त्याच आठवड्यात तार ओढावी. पहिल्या मुसळधार पावसात छत्री घेऊन परसात एक फेरी मारावी आणि पाणी कुठून येतं, कुठून जातं हे पाहून दगडांनी खूण करावी. कारण कागदावर आखलेली पाण्याची वाट आणि खरी वाट बहुतेकदा वेगळी निघते. जिथे ते जोराने येतं तिथे खुंटांमध्ये दोन हात मोकळे सोडून गडग्याचे दगड सैल रचावेत. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की पहिला शेंडा मारावा, जानेवारीत बुडाशी पालापाचोळा गोळा करून जाळण्याऐवजी माडांच्या आळ्यात टाकावा, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर पट्ट्या काढून तारेची वरची ओळ आधी सोडावी.